पिकअपच्या टेल लाईटचा रिकॉल आलाय, पण डीलर म्हणतो पार्टच नाही. तोवर काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की रिकॉलचं (गाडीत दोष आहे, कंपनी फुकट दुरुस्त करून देईल असं सांगणारं) पत्र येऊन चार महिने झाले, डावा टेल लाईट मनात येईल तेव्हा लागतो, डीलरला फोन केला की पार्ट नाही म्हणतात, आणि गाडी तर रोज लागते. अगदी हेच माझं झालं होतं, इथेच अमेरिकेत, सात महिने चाललं ते. कंपनीचं नाव घेत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी नुसते फोन करत बसलो. फोनची कुठेच नोंद नसते हो. इथल्या कायद्यात असं आहे की गाडी दुरुस्तीसाठी प्रत्यक्ष नेऊन उभी केली आणि तिथून ६० दिवसांत ती नीट दुरुस्त झाली नाही, तर कंपनीने वाजवी वेळेत काम केलं नाही याचा तो सकृतदर्शनी पुरावा धरतात, मग बदली गाडी किंवा पैसे परत असा विषय काढता येतो (एनएचटीएसए, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेचं सरकारी खातं, ही मुदत वाढवू शकतं, त्यामुळे लगेच हुरळून जाऊ नका). पण ते ६० दिवस गाडी नेल्यापासून मोजतात, फोनपासून नाही. म्हणून उद्याच गाडी घेऊन जा, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणेल कशाला आणली पार्ट तर नाहीये, त्याला शांतपणे सांगा की रिपेअर ऑर्डर उघड, त्यावर तारीख, मायलेज, 'लाईट बंद पडतो' ही तक्रार आणि 'पार्ट उपलब्ध नाही' हे लिही आणि एक कॉपी मला दे. माझा थोडा कुरकुरला, पण दिली.

दुसरं म्हणजे ते पत्र परत एकदा नीट वाचा. कंपनीने एनएचटीएसएला दोष कळवला की ६० दिवसांत मालकांना पत्र टाकावंच लागतं, उपाय तयार असो नसो. त्यामुळे पहिलं पत्र बऱ्याचदा एवढंच सांगतं की बाबा दोष आहे, उपाय अजून सापडायचाय, दुसरं पत्र येईल. मी ते पहिलं पत्र हातात नाचवत डीलरकडे गेलो होतो, आता हसू येतं.

उशीर का होतो तर, पूर्वी ३१५७ नंबरचा बल्ब असायचा, गेला की दोन मिनिटांत बदलला. आता एलईडी, म्हणजे बल्ब असा वेगळा नाहीच, अख्खं युनिट बदलायचं, आणि काही पिकअपमध्ये त्याच युनिटच्या पोटात ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणारी बाजूची गाडी ओळखणारा, रडार पण बसवलेला असतो. सील कच्चं निघालं की पाणी आत, सर्किट बोर्ड ओला, लाईट बंद. मग सप्लायरने सील बदलायचं, टेस्ट करायचं, आणि तोच पार्ट फॅक्टरीत नव्या गाड्यांना पण लागतोच. रांगेत आपण शेवटी.

आता चालवायची का? मला स्वतःला कळलंच नव्हतं लाईट गेलाय ते, एका सिग्नलला मागच्या गाडीतल्या बाई उतरून आल्या आणि काचेवर टकटक केली. आपल्याला मागचं दिसत नाही हाच तर घोळ आहे, डॅशबोर्ड उजळलेला, पुढे डे-टाइम लाईटचा उजेड, वाटतं सगळं चालू आहे आणि मागे ठार अंधार. त्या रात्री गाडी रिव्हर्स घेऊन गॅरेजच्या दाराजवळ लावली, दारावर लाल डाग एकाच बाजूला. डाव्या लाईटवर मूठ आपटली, लागला. परत आपटली, गेला. टेलगेट (मागची फळी) खाली पाडून दोन स्क्रू काढले, लाईट सरळ मागे ओढला तर प्लगच्या पिना हिरव्या पडलेल्या आणि लेन्सच्या तळाशी चमचाभर पाणी, लाईट तिरका केला की तेही इकडून तिकडे जायचं.

पिना साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस (पिनांना ओल लागू नये म्हणून असतं ते) लावलं, दोन आठवडे बरं चाललं. लेन्सला भोक पाडून पाणी काढायचा किंवा सिलिकॉन फासायचा सल्ला कोणी देईल, ते अजिबात करू नका, उद्या डीलर म्हणेल तुम्हीच छेडछाड केली. मी मग मॅग्नेटवाले टोइंग लाईट (ओढून न्यायच्या गाडीच्या मागे तात्पुरते चिकटवतात ते) आणले, ते मागच्या ट्रेलर सॉकेटला लागतात आणि फॅक्टरी टो पॅकेज, म्हणजे ट्रेलर ओढायची सोय कंपनीतूनच बसवलेली, असेल तर ट्रेलरचा फ्यूज बहुतेक वेगळा असतो, त्यामुळे गाडीचा लाईट मेला तरी हे चालतात. फक्त बॉडी स्टीलची हवी. मित्राच्या फोर्ड एफ-१५० पिकअपवर लावायला गेलो तर चिकटेचनात, २०१५ पासून तिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे हे दोघांच्याही डोक्यातून गेलेलं, शेवटी स्टीलच्या बंपरवर बसवले. आणि ब्रेक लाईट पण जात असेल तर मात्र रात्री गाडी काढूच नका. वरचा तिसरा ब्रेक लाईट आहे ना म्हणाल, तर मागच्या हौद्यात उंच सामान भरलं की तो झाकला जातो.

रिकॉल यायच्या आधी स्वतःच्या खर्चाने काही केलं असेल तर पावती शोधा, ते पैसे परत मागता येतात, अटी पत्रातच असतात. गाडी सेकंडहँड असेल तर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा १७ अक्षरं-आकड्यांचा ओळख क्रमांक, एनएचटीएसएच्या साईटवर टाका (विंडशील्डच्या खाली ड्रायव्हरच्या बाजूला असतो), कधीकधी दुसराच एखादा रिकॉल निघतो जो आधीच्या मालकाने केलाच नाही. आणि तिथेच तक्रार पण टाका, दहा मिनिटांचं काम आहे, नवीन चौकशा बऱ्याचदा अशा तक्रारींवरूनच सुरू होतात.

माझं काम शेवटी झालं ते चाळीस मिनिटांत, चकटफू. त्यातही घोळ म्हणजे डावाच बदलून चावी हातात देत होते. पत्रात दोन्ही बाजू लिहिल्या होत्या, दाखवल्यावर गाडी परत आत नेली. तेव्हा तिथून निघायच्या आधी कुणाला तरी ब्रेक दाबून बसवा आणि स्वतः मागे जाऊन उभे राहा.