कळसूबाईला घरच्यांना नेताना

प्रिय तरुण मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नाताळच्या सुट्टीत घरच्या आठ माणसांनी एका दिवसात कळसूबाईचे दर्शन करून यावे असे तुझ्या मनात आहे आणि त्यासाठी बरोबर काय काय घ्यावे याची यादी तू मागितली आहेस. यादी देतो, पण ती शेवटाकडे. कारण घरच्यांच्या ज्या चढाया फसलेल्या मी पाहिल्या, त्यांत सामान कमी पडल्यामुळे फसलेली एकही मला आठवत नाही. पुढे चालणाऱ्याला मागच्याची दमछाक दिसली नाही, एवढेच बहुतेक वेळा कारण होते. तू मित्रांबरोबर हा डोंगर तीनदा चढला आहेस आणि दरवेळी अडीच तासांत माथ्यावर पोहोचलास, असे तू अभिमानाने लिहिले आहेस. या बेतातली सर्वांत मोठी अडचण मला तीच वाटते. त्या अडीच तासांचा या वेळी काहीही उपयोग नाही, उलट ते डोक्यात राहिले तर घात करतील.

शिखराची उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट आहे, आणि महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही, हे तुला पाठ असेलच. पण घरच्यांना उंचीपेक्षा चढ समजावून सांग. पायथ्याच्या बारी गावातून निघाल्यावर आठशे मीटरांहून अधिक चढायचे असते. इमारतीचा मजला तीन मीटरांचा धरला, तर हा अडीचशेहून अधिक मजल्यांचा जिना झाला, आणि तोही उंचसखल पायऱ्यांचा, मध्येच मातीचा, मध्येच कातळाचा. तुझे काका रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात ही चांगली गोष्ट आहे, परंतु सपाट रस्त्यावरची चाल आणि चढण यांत छातीला आणि मांडीला मोठा फरक पडतो. म्हणून जाण्यापूर्वीच्या तीन रविवारी सर्वांना गावाजवळच्या एखाद्या लहान टेकडीवर ने. तिथे चढताना कोण धापा टाकतो याकडे लक्ष द्यायला कोणी सांगावे लागत नाही. तू उतरताना पाहा. कोण पाय आडवे टाकू लागतो, कोणाचा हात आपोआप शेजाऱ्याच्या खांद्यावर जातो, कोण गप्प होतो, हे टिपून ठेव. गुडघ्यांचे खरे ते उतारावर कळते, आणि घरातली मोठी माणसे ते तोंडाने कधीच सांगत नाहीत.

आता तुझ्या आजींविषयी. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांची देवीवर श्रद्धा आहे आणि त्यांना माथ्यापर्यंत नेण्याचा तुझा हट्ट आहे. हा हट्ट त्यांचा आहे की तुझा, हे एकदा स्वतःला विचार. वाटेच्या सुरुवातीलाच, गावापासून फार दूर नाही, कळसूबाईचे आणखी एक देऊळ आहे. ज्यांना शिखर गाठणे शक्य नाही ते तिथे दर्शन घेतात. म्हणजे जे चढू शकत नाहीत त्यांची सोय या डोंगराच्या लोकांनी आपणहून करून ठेवली आहे आणि तिच्यात कमीपणा मानलेला नाही. आजींना आधीच सांग की आपण त्या देवळापर्यंत तुमच्या चालीने जाऊ आणि पुढचे तिथे ठरवू. तिथून त्या गावात परतल्या तर त्यांच्याबरोबर कोण थांबणार, हेही घरून निघण्यापूर्वी ठरलेले असू दे. डोंगरात ऐन वेळी हा प्रश्न निघाला की एक जण रुसतो, दुसरा त्याग केल्याच्या आविर्भावात मागे राहतो, आणि दिवसाची चव जाते. तुझ्या आईने थांबायचे असे कोणी गृहीत धरीत असेल तर तेही होऊ देऊ नकोस. त्यांनाही वर जायचे असेल, आणि कोणी विचारले नाही म्हणून त्या बोलल्या नसतील.

कळसूबाईची कथा घरात सांगतोस का? कळसू नावाची मुलगी केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही या अटीवर एका घरी कामाला राहिली, एके दिवशी अट मोडून तिला तीच कामे करायला लावली, आणि ती घर सोडून या डोंगरावर निघून गेली, असे या भागातले लोक सांगतात. थकलेल्या बाईला घरचे काम नको म्हणण्याचा अधिकार देणारी ही देवी आहे. तिच्या दर्शनाला जाताना आई आणि काकू यांनी पहाटे तीनला उठून आठ जणांचे डबे करावेत, हे मला पटत नाही. आदल्या संध्याकाळी बारीत पोहोचून मुक्काम करा; घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागले की गाव वाटेतच लागते आणि तिथल्या काही घरांतून जेवणाची व राहण्याची सोय होते. पिठले-भाकरी आधी सांगून ठेवली की उतरल्यावर गरम मिळते. गावातला एखादा माहितगार तरुण बरोबर घेतलास तर आणखी चांगले; त्याची मजुरी आदल्या दिवशीच ठरव आणि घासाघीस करू नकोस.

वेळेचा हिशेब सूर्यास्तापासून उलटा मांड. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेडाचे दोन तास राखीव ठेवायचे म्हणजे चारला सर्व जण पायथ्याशी हवेत. उतरायला तुमच्या मंडळींना साडेतीन तास धर, म्हणजे साडेबाराला पाठ फिरवायची. चढायला साडेचार तास आणि माथ्यावर एक तास धरला, तर सातला, उजाडताच, पाऊल उचलायला हवे. यातले बाकी सगळे आकडे मागेपुढे झाले तरी चालतील, साडेबारा मात्र हलता कामा नये. साडेबाराला शेवटची शिडी समोर दिसत असली आणि मुले "आता पाचच मिनिटे" म्हणून ओरडत असली, तरीही परतायचे. हे वाक्य आदल्या रात्री जेवताना सर्वांसमोर बोलून दाखव, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो तुझा लहरीपणा ठरणार नाही.

हे मी इतके ठासून का लिहितो ते सांगतो. तुझ्याच वयाचा असताना मी घरच्या सहा जणांना एका डोंगरावरच्या देवळात नेले होते. मी पुढे, झपाझप, प्रत्येक वळणावर थांबून मागच्यांची वाट पाहत होतो आणि ते पोहोचले की लगेच पुढे निघत होतो. म्हणजे विश्रांती मला मिळत होती आणि ज्यांना ती हवी होती त्यांना एक मिनिटही मिळत नव्हती. हे माझ्या लक्षात त्या दिवशी आले नाही. उतरताना मामांचा गुडघा आखडला, शेवटचा टप्पा आम्ही एका टॉर्चच्या उजेडात बसत-घसरत उतरलो, आणि मामा त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. त्यानंतर ते माझ्याबरोबर पुन्हा कुठल्याही डोंगरावर आले नाहीत. म्हणून तू सर्वांच्या मागे चाल. पुढे काकांना किंवा वाटाड्याला ठेव, आणि सर्वांत हळू चालणारी व्यक्ती त्यांच्या लगेच मागे असू दे, म्हणजे सगळ्या रांगेची चाल तिच्या चालीवर ठरेल. बोलता बोलता चालता येईल इतकाच वेग योग्य. वाक्य तुटू लागले की थांबावे.

अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. त्यांची भीती मोठ्यांना जास्त वाटते, मुलांना कमी, आणि धोका नेमका उलटा असतो. चढताना मुलाच्या खाली एक मोठे माणूस हवेच; उतरताना आधी ते मोठे माणूस उतरेल आणि मग मूल, तोंड शिडीकडे करून. हातात फोन किंवा पिशवी नको. सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी गर्दी तुंबते, ढकलाढकलही होते. तिथे बाजूला होऊन गर्दीला पुढे जाऊ दे, अर्धा तास गेला तरी जाऊ दे. नवरात्रात तर इथे जत्रेची गर्दी असते, आणि पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, त्यामुळे तू डिसेंबर निवडलास ते उत्तम केलेस. वाऱ्याची मात्र तयारी ठेव. माथा उघडा आहे आणि पायथ्यापेक्षा तिथे पाच-एक अंश थंड असते. घामेजलेल्या अंगाने मुले तिथे उभी राहिली की कुडकुडतात.

उपवासाचा प्रश्न तुझ्या घरात निघणार हे नक्की. "दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालणार नाही" असे काकू म्हणतील, आणि तुझ्या पत्रावरून त्यांना मधुमेहाची गोळी चालू आहे असे दिसते. गोळी घेऊन, रिकाम्या पोटी चार तास चढणे म्हणजे साखर उतरून चक्कर येण्याला आमंत्रण आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस. जाण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घे आणि डॉक्टरांचे म्हणणे त्यांनाच ऐकू दे. शिवाय खालच्या देवळात सकाळी पहिले दर्शन होतेच, तेव्हा त्यानंतर न्याहारी करायला त्यांच्या नियमाचीही आडकाठी राहत नाही. खिशात खडीसाखर ठेव.

बाकीचे सामान थोडेच आहे. प्रत्येकी तीन लिटर पाणी, मुलांना दोन पुरे; शिखराच्या अलीकडे विहीर आहे, पण तिच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या नेऊ नकोस. क्षारसंजीवनीची पाकिटे, चिवडा, गुळाची पोळी, केळी. वापरून रुळलेले बूट. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घातले तर फोड येणारच. टोप्या, एकेक स्वेटर, क्रेप बँडेज, नेहमीच्या औषधांची जास्तीची एक मात्रा, आणि दर दोघांमागे एक टॉर्च. मोठ्यांना हातात काठी दे; लाज वाटत असेल तर आधी तूच एक घे. अत्तर आणि उग्र वासाचे फवारे घरी ठेवा, आणि वाटेत कुठेही धूर करू नका, कारण सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मधमाश्यांची मोहोळे असतात आणि ती उठली तर पळायला जागा नसते. हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे नारळाच्या पिशवीपासून बिस्किटाच्या कागदापर्यंत सर्व काही परत खाली आणायचे आहे.

माथ्यावरचे देऊळ इतके लहान आहे की मोजकीच माणसे आत मावतात. वर पोहोचल्यावर आधी सर्वांना बसव, पाणी प्यायला लाव आणि मग आळीपाळीने आत पाठव. हवा स्वच्छ असेल तर अलंग, मदन, कुलंग, रतनगड हे किल्ले आणि भंडारदरा धरणाचे पाणी ओळखता येते. मुलांना ते तूच दाखव, फोटोंचे काम दुसऱ्या कोणाला दे. "शिखर सर केले" असे मात्र त्यांच्या तोंडी घालू नकोस. कोणाच्या तरी दारी गेल्यावर आपण घर सर केले म्हणत नाही.

परत आल्यावर मला सविस्तर लिही. विशेषतः आजी खालच्या देवळात किती वेळ बसल्या आणि त्यांच्याजवळ शेवटी कोण थांबले, ते कळव. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा शुभचिंतक