टायटल नाइन : ‘व्यक्ती’ या शब्दाचं वजन

प्रश्न : मुलगी ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेला जातेय. युनिव्हर्सिटीच्या कागदांत ‘टायटल नाइन कोऑर्डिनेटर’चा ईमेल दिलाय. हे काय असतं? व्हिसावर गेलेल्या मुलीला त्याचा उपयोग आहे का?
– एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : आहे, आणि तिथल्या मुलींइतकाच आहे. टायटल नाइन हा शिक्षणातला लिंगभेद रोखणारा अमेरिकी कायदा; कोऑर्डिनेटर म्हणजे त्याखालच्या तक्रारी पाहणारा संस्थेतला अधिकारी. २३ जून १९७२ रोजी सही झालेल्या या कायद्याचं मूळ वाक्य इंग्रजीत जेमतेम ३७ शब्दांचं. त्यात ‘अमेरिकेतील कोणतीही व्यक्ती’ असं म्हटलंय, ‘नागरिक’ नाही. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने लिंगावरून कुणाला वगळायचं वा डावलायचं नाही. तसं केलं तर तो पैसा थांबू शकतो. कायद्याची खरी ताकद इथे आहे.

हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक यांचा यात मोठा वाटा. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण एकाही मेडिकल कॉलेजने घेतलं नाही, म्हणून त्या वकिलीकडे वळल्या. कायदा झाल्यावरही त्या त्याची राखण करत राहिल्या, हे मला जास्त मोलाचं वाटतं. १९७५ मध्ये या कायद्याचे नियम ढिले करू पाहणारी दुरुस्ती आली. मुलीच्या अपघाताची बातमी आल्याने मिंक यांना सभागृह सोडावं लागलं आणि त्यांची बाजू एका मताने हरली. फेरमतदानात मात्र नियम वाचले. पुढे १९८४ मध्ये कोर्टाने कायदा पैसा मिळणाऱ्या विभागापुरताच ठरवला; १९८८ मध्ये संसदेने तो पुन्हा अख्ख्या संस्थेला लागू केला. २००२ मध्ये मिंक गेल्या, तेव्हा कायद्याला त्यांचं नाव दिलं गेलं.

आता तुमच्या मुलीसाठी. लैंगिक छळ हाही या कायद्याच्या दृष्टीने भेदभावच. तसा छळ झाला, तर गाइडला किंवा मैत्रिणीला सांगून ती मोकळी झाली, असं होऊ देऊ नका. बहुतेकांची गाडी इथेच अडते. थेट कोऑर्डिनेटरला ईमेल करायचा. नुसतं कळवलं तरी वर्ग किंवा होस्टेल बदलून मिळणं, परीक्षेला मुदतवाढ, अशी मदत मागता येते. चौकशी हवी असेल तर सही केलेली लेखी तक्रार लागते. मेसेज, ईमेल डिलीट करू नयेत, तारखा त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात. संस्थेने दाद दिली नाही, तर केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जाता येतं. तिथली मुदत सर्वसाधारणपणे घटनेपासून १८० दिवस. परीक्षा संपू दे, मग बघू, असं करता करता सहा महिने सहज निघून जातात.