गावकऱ्यांकडून गावाचा इतिहास लिहून घेताना तो एकसुरी होऊ नये म्हणून काय करावं?

"आमच्या किनाऱ्यावरच्या गावाचा इतिहास गावकऱ्यांकडून लिहून घेतोय, पण सगळे 'गाव फार पुरातन, ग्रामदेवता जागृत' एवढंच देतात. त्यात जीव कसा आणायचा आणि खरंखोटं कसं ठरवायचं?" असं तुम्ही विचारलंय. मी देवगड तालुक्यातला. आमच्या वाडीपुरतं हेच काम करतो, म्हणून लिहितो.

कोणालाही 'इतिहास सांगा' म्हणू नका. तसं म्हटलं की माणूस सावरून बसतो आणि थेट शिवकाळात जातो. नेमकं विचारा. मुंबईची बोट कुठल्या बंदरात लागायची? पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की चाकरमानी घरी कसा यायचा? खोताला, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्याला, धान्य कोण घालायचं आणि खोती गेल्यावर जमीन कोणाच्या नावावर चढली? म्हाताऱ्या बायका आधी "माका काय म्हायत, तेंका इचार" म्हणून नवऱ्याकडे बोट दाखवतात. त्यांना विचारा, लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायचात? मग वाट, चढण, विहीर, कळशीचं वजन सगळं येतं. आणि कुठल्या विहिरीवर कोणाला हात लावू देत नसत, तेही येतं. ते गाळू नका. आपल्याकडची बहुतेक गावपुस्तकं मानकऱ्यांच्या चार घरांपुरतीच असतात आणि मला ते फार खटकतं. खाडीपलीकडची, गावकुसाबाहेरची वाडी त्यात आलीच पाहिजे.

खऱ्याखोट्यासाठी विजयदुर्गाचं उदाहरण बघा. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इथूनच हेलियम शोधला, असं आमच्याकडे पोरासोरांना पाठ आहे. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात, त्या तारखेला हेलियम दिनही साजरा होतो. पण त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हताच. ते ग्रहण पाहणाऱ्यांत गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरात, इंग्लंडातून, ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे सुटे केलेले रंग, पाहिला आणि त्यातूनच हेलियमचा माग लागला. मात्र २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला तो खरोखरच विजयदुर्गात आला होता आणि त्या निरीक्षणांचा अहवालही छापला गेला. म्हणजे साहेब आला ही गावाची आठवण खरी. सन तेवढा तीस वर्षं मागे सरकला. कोणी नुसता कागद बघून 'हे खोटं' म्हणून ती आठवण खोडली असती, तर १८९८ कडे जायचा रस्ताच बंद झाला असता.

म्हणून गावात सांगतात ते आणि कागदात मिळतं ते शेजारी शेजारी लिहा, एकमेकांत कालवू नका. प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याचं वय, वाडी आणि त्याने ती कोणाकडून ऐकली ते लिहा. दोन वाड्या देवळाबद्दल दोन गोष्टी सांगत असतील तर दोन्ही ठेवा, निवाडा करायला बसू नका.

कागदांसाठी तलाठ्याकडचे फेरफार (जमीन कोणाकडून कोणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी), जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचं जनरल रजिस्टर आणि १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर एवढ्यापासून सुरुवात करा. घरातले मोडी कागद मागून नेऊ नका, तिथेच उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. लॅमिनेशन तर अजिबात नको. आपल्या दमट हवेत कागद आतल्या आत खराब होतो. जमिनीचा वाद चालू असेल तर त्या घराण्याची नावं छापण्याआधी दोन्ही बाजूंना वाचून दाखवा.

आणि हे सगळं मे महिन्यात किंवा गणपतीत करा. तेव्हा मुंबईकर घरी असतात, आणि एकाने सांगितलेलं दुसरा तिथल्या तिथे दुरुस्त करतो. त्या दुरुस्त्याही नावासकट टिपून घ्या.