बैजिक अपूर्णांकांचे छेद वेगळे असतील तर बेरीज तिरकस गुणाकाराने करावी की लसावि काढून?

लसावि काढून. तुमच्या मुलीला क्लासमध्ये सरसकट तिरकस गुणाकार करायला लावतात आणि उत्तर शेवटी अडकतं, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही.

मी चाळीसगावला एका क्लासमध्ये शिकवायचो. तिथल्या संचालकांचं ठरलेलं होतं: छेद वेगळे दिसले की तिरकस गुणा आणि पुढे चला, अवयव पाडत बसलात तर पोर्शन कधी संपणार? एकदा मी फळ्यावर ३/(क्ष²−४) + २/(क्ष²−क्ष−२) लिहिलं. पोरांनी शिकवल्याप्रमाणे गुणून वर ५क्ष²−३क्ष−१४ आणलं, खाली क्ष⁴−क्ष³−६क्ष²+४क्ष+८. आता संक्षिप्त रूप द्या म्हटलं, तर सगळा वर्ग गप्प. मग मी छेदांचे अवयव पाडले: (क्ष−२)(क्ष+२) आणि (क्ष−२)(क्ष+१). कापूस वेचणीच्या दिवसांत हमखास गैरहजर असणारा एक पोरगा मागून ओरडला, "सर, हाऊ कंस ते दोनदा उना ना!" म्हणजे, हा कंस तर दोनदा आला.

बरोबर! दोन्हीकडे असलेला (क्ष−२) लसावित एकदाच घ्यायचा. लसावि झाला (क्ष−२)(क्ष+२)(क्ष+१). पहिल्या छेदात (क्ष+१) नाही, दुसऱ्यात (क्ष+२) नाही. ज्यात जे नाही त्याने त्याचा अंश गुणायचा. ३(क्ष+१)+२(क्ष+२), म्हणजे वर ५क्ष+७, खाली तो लसावि. झालं.

संचालक दारातच उभे होते. "पोरांना मार्क पाहिजेत, एवढं खोलात जाऊ नका," असं सगळ्या वर्गासमोर म्हणाले. आणि हे कुठे, तर चाळीसगाव तालुक्यात, जिथे पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला आणि तसा शिलालेख आहे! भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत साध्या अपूर्णांकांसाठी दोन्ही रीती दिल्यात: एकमेकांच्या छेदांनी गुणा, किंवा जाणत्याने आधी छेदांना सामाईक भाजकाने भागून घ्यावं, मग गुणावं. म्हणजे खोलात जाणं हे माझं खूळ नव्हतं. अवयव न पाडता बेरीज शिकवणं म्हणजे पोरांना फसवणं, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

आता तिरकस गुणाकार चूक आहे असं नाही. छेदांत सामाईक अवयव नसेल तर दोन्ही रीतींनी तेच येतं. पण ते अवयव पाडल्याशिवाय कळणार कसं? वरच्या उदाहरणात क्ष ची किंमत २, −२ किंवा −१ चालत नाही, हेही मुलीला सांगा. उत्तर तपासायला क्ष=३ ठेवायला लावा; दोन्हीकडे ११/१० यायला हवं. वजाबाकी असेल तर दुसरा अंश कंसातच लिहायचा, चिन्हं तिथेच चुकतात. आणि अवयव शिकवायला वेळ नाही असं क्लासवाले म्हणत असतील, तर फी भरलेली असली तरी क्लास बदला.