माओनंतरच्या सत्तासंघर्षात रेडिओला एवढं महत्त्व का होतं?
कारण तेव्हाच्या चीनमध्ये खेड्यातल्या माणसाला बातमी कळायची ती खांबावरच्या कर्ण्यातून. तारेने जोडलेला कर्णा, स्टेशन बदलायची सोयच नाही! माइक ज्याच्या हाती, तोच पक्ष.

माओ ९ सप्टेंबर १९७६ ला गेले. ६ ऑक्टोबरच्या रात्री पंतप्रधान हुआ ग्वोफंग यांनी ‘चौकडी’ला, म्हणजे माओंची पत्नी च्यांग छिंग आणि तिचे तीन पुरुष साथीदार अशा चार जहाल नेत्यांच्या गटाला, अटक केली. त्याच रात्री हुआंच्या हातची चिठ्ठी घेऊन पक्षाचे एक अधिकारी गंग ब्याओ यांनी केंद्रीय रेडिओ ताब्यात घेतला. प्रचारखातं चौकडीच्याच मुठीत होतं ना! श्रोत्यांना मात्र लगेच काहीच सांगितलं नाही.

पुढे बातमी फुटली तेव्हा लोकांनी बाजारातून चार खेकडे बांधून आणले: तीन नर, एक मादी.