बॅकहो (जेसीबीसारखं खोदकामाचं मशीन) रेस घेत नाही? डिझेल पंपाला लगेच हात लावू नका

भाऊ, डिझेल पंपावर (इंजिनला डिझेल मोजून देणारा इंजेक्शन पंप) संशय सगळ्यात शेवटी. मेकॅनिकल पंपाचं इंजिन असेल तर ते बंद ठेवून एकाने एक्सलेटर पूर्ण दाबायचा, दुसऱ्याने पंपावरची लिव्हर बघायची. ती मॅक्स स्टॉपच्या स्क्रूला (लिव्हर जास्तीत जास्त कुठवर जाईल ते ठरवणारा) टेकत नसेल तर केबल ताणलीय किंवा आतून गंजलीय. काम तिथंच संपलं. त्या सील केलेल्या स्क्रूशी मात्र खेळू नका.

लिव्हर टेकतेय? मग धूर बघा. काळा असेल तर हवा कमी पडतेय: एअर फिल्टर चोंदलाय, नाहीतर टर्बोच्या होजची क्लिप ढिली. धूर नाही आणि इंजिन लोडवर दमतंय, तर डिझेल कमी पोचतंय. सेडिमेंटरचं (डिझेलमधलं पाणी-गाळ साठवणारी वाटी) पाणी काढा, डिझेल फिल्टर नवा टाका (पुसून परत बसवणं म्हणजे वेळ वाया), टाकीचं झाकण ढिलं करून चालवा. फरक पडला तर ब्रीदर (टाकीत हवा जाण्याची वाट) बुजलाय.

खरी फसवी जागा टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ही लाइन. तिथं डिझेल गळत नाही, चालू इंजिन उलट हवा ओढतं, त्यामुळे बाहेरून सगळं कोरडं दिसतं. फीड पंपानंतर पारदर्शक पाइपचा तुकडा जोडा. बुडबुडे सतत येत राहिले तर आधीच्या लाइनचे क्लॅम्प आवळा, बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर बदला आणि लाइनमधली एअर काढा.