कुटुंब कायद्याचा पेपर: आधी तारखा, मग कलमं

प्रश्न: घटस्फोटाची सगळी कारणं पाठ आहेत, तरी समस्येवरच्या 15 गुणांच्या प्रश्नात 6 च्या पुढे जात नाही. नमुन्याची समस्या अशी: हिंदू पद्धतीने विवाह मार्च 2022 मध्ये, तेव्हा पती 20 वर्षांचा, पत्नी 19 वर्षांची. सासरी वारंवार मारहाण. जानेवारी 2023 मध्ये पत्नी माहेरी आली. एप्रिल 2024 मध्ये तिने क्रूरता आणि परित्याग या कारणांवर घटस्फोटाचा अर्ज केला. पती म्हणतो, माझं वय कमी होतं म्हणून विवाहच शून्य आहे. शिवाय घर सोडून गेली ती, मी नाही. उत्तर कसं लिहायचं?

उत्तर: गुण बहुधा पहिल्या पानावरच अडतात. विवाह हा संस्कार की करार यावर पाऊण पान, त्यानंतर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ची झाडून सगळी कारणं, आणि पती-पत्नीचा उल्लेख थेट शेवटच्या परिच्छेदात. विचारलेलं एवढंच असतं की या बाईला घटस्फोट मिळेल का.

लिहायला लागण्यापूर्वी कच्च्या पानावर तारखांची एक ओळ काढा: मार्च 2022, जानेवारी 2023, एप्रिल 2024. प्रत्येक दोन तारखांमधलं अंतर महिन्यांत मांडा. समस्या रचणारा तारखा उगाच देत नाही. मग क्रम असा: विवाह वैध आहे का, अर्ज आत्ता चालेल का, कारण सिद्ध होतं का, काही आडवं येतं का, आणि शेवटी मागायचं काय.

पहिला मुद्दा वयाचा. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 5(iii) प्रमाणे वराला 21 आणि वधूला 18 वर्षं पूर्ण हवीत. इथे अट मोडली आहे. पण कलम 11 ने शून्य ठरतात ते फक्त 5(i), (iv) आणि (v) मोडणारे विवाह, आणि न्यायालयाकडून रद्द करून घेता येणाऱ्या विवाहांच्या कलम 12 मधल्या यादीतही वय नाही. कलम 18 खाली शिक्षा आहे, विवाह मात्र टिकतो. बालविवाह प्रतिबंध कायदा, 2006 च्या कलम 3 चा आधार घ्यायचा तर विवाह रद्द करण्यासाठी त्याने स्वतः मुदतीत अर्ज करायला हवा होता. बायकोच्या घटस्फोटाच्या अर्जाला ‘लग्नच शून्य’ हे उत्तर होत नाही. या मुद्द्याला सहा-सात ओळी द्या. सापळा इथेच आहे.

दुसरा मुद्दा एका ओळीचा: कलम 14 प्रमाणे विवाहानंतर 1 वर्ष उलटायला हवं, ते उलटलं आहे.

तिसरा परित्याग. कलम 13(1)(ib) ला अर्जाच्या लगत आधीची सलग किमान 2 वर्षं लागतात. जानेवारी 2023 ते एप्रिल 2024 हे जेमतेम 15 महिने. हे कारण पडतं. कलम 10 कडे वळूनही उपयोग नाही, कारण 1976 च्या दुरुस्तीपासून न्यायिक फारकतीची (विवाह न मोडता वेगळं राहण्याच्या हुकमाची) कारणं कलम 13(1) चीच आहेत. पण इथेच थांबू नका. ‘घर सोडून गेली ती’ या बचावाला उत्तर द्यायचं राहतं. परित्यागात वेगळं राहणं आणि सहजीवन कायमचं संपवण्याचा इरादा या दोन्ही गोष्टी लागतात (बिपिनचंद्र शहा विरुद्ध प्रभावती, 1957). मारहाणीने जोडीदाराला घराबाहेर पडायला भाग पाडणारा कायद्याच्या नजरेत स्वतःच परित्याग करणारा ठरतो. म्हणजे पतीचा बचाव चुकीचा आहे, आणि तरीही पत्नीचं हे कारण मुदतीअभावी टिकत नाही. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ लिहिणारा विद्यार्थी लगेच वेगळा दिसतो.

चौथा क्रूरता, कलम 13(1)(ia). याला किमान काळाची अट नाही. दास्ताने विरुद्ध दास्ताने (1975) मधून दोन गोष्टी घ्या: पुरावा फौजदारी खटल्यासारखा निःसंशय लागत नाही, शक्यतांचं पारडं कुठे झुकतं ते पाहतात, आणि क्रूरता माफ केली असेल तर कलम 23(1)(b) आडवं येतं. माहेरी आल्यावर ती परत नांदायला गेल्याचं समस्येत नाही, म्हणून माफीचा प्रश्न उठत नाही. ‘समस्येत नाही’ हेही लिहावं. नसलेली वस्तुस्थिती मनाने घालू नये.

निष्कर्ष: परित्यागावर नाही, क्रूरतेवर घटस्फोट मिळू शकतो. कलम 24 ची अंतरिम पोटगी आणि कलम 25 ची कायम पोटगी एकेका ओळीत.

प्रश्न: शून्य आणि शून्यकरणीय विवाह यात दर वेळी गल्लत होते. लक्षात कसं ठेवायचं?

उत्तर: तक्ता घोकू नका, ‘न्यायालयाचा हुकूम नसेल तर काय?’ एवढं विचारा. शून्य विवाह हुकमाशिवायही शून्यच असतो. शून्यकरणीय विवाह न्यायालय रद्द करेपर्यंत पुरता वैध असतो. पहिला जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं आणि सपिंड (ठरावीक पिढ्यांच्या आतलं रक्ताचं) नातं हे शून्य. नपुंसकता, मनाची अक्षमता, जबरदस्तीने किंवा फसवून मिळवलेली संमती आणि विवाहाच्या वेळी दुसऱ्यापासूनचा गर्भ हे शून्यकरणीय.

चुका होतात त्या कडांवर. फसवणूक कळल्यापासून 1 वर्षाच्या आत अर्ज हवा, आणि कळल्यावरही राजीखुशीने एकत्र राहिलं तर तो हक्क जातो. कलम 11 चा अर्ज त्या विवाहातल्या दोघांपैकीच कुणी करू शकतं. पहिल्या पत्नीला या कलमाखाली येता येत नाही, तिला दिवाणी दावा लावावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्न म्हटलं की लगेच ‘शून्य’ लिहू नका. नातं निषिद्ध आहेच, पण दोघांनाही लागू असलेल्या रूढीने परवानगी असेल तर विवाह वैध. ती रूढी दीर्घकाळ, सतत आणि एकसारखी पाळली गेलेली असावी लागते. ‘आमच्यात चालतं’ एवढ्याने भागत नाही. आणि दोन्ही प्रकारांत मुलं कलम 16 मुळे औरसच. हे वाक्य राहिलं की हमखास गुण जातात.

प्रश्न: किती न्यायनिवाडे पाठ करावेत?

उत्तर: मुद्द्याला एक पुरे, पण तो कशासाठी आहे ते एका वाक्यात सांगता यायला हवं. दुसऱ्या विवाहात आवश्यक विधीच झाले नसतील तर द्विविवाहाचा गुन्हा बनत नाही: भाऊराव लोखंडे, 1965. दुसऱ्या लग्नासाठी धर्मांतर केल्याने पहिलं लग्न संपत नाही: सरला मुद्गल, 1995. दांपत्य हक्कांच्या पुनःस्थापनेचं (सोडून गेलेल्या जोडीदाराला परत नांदायला लावण्याचं) कलम 9 घटनाबाह्य नाही: सरोज राणी, 1984. मानसिक क्रूरता: समर घोष, 2007. परस्पर संमतीच्या घटस्फोटातली 6 महिन्यांची थांबण्याची मुदत न्यायालय माफ करू शकतं: अमरदीप सिंग, 2017. विवाह पूर्ण मोडकळीला आला म्हणून थेट घटस्फोट देण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद 142 खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाचा: शिल्पा शैलेश, 2023. कुटुंब न्यायालयाने या कारणावर हुकूम दिला असं लिहिणं ही सध्याची सर्वांत महागडी चूक म्हणावी लागेल. वर्ष आठवत नसेल तर सोडून द्या, अंदाजाने टाकू नका.

प्रश्न: भारतीय दंड संहितेची कलमं लिहायची की न्याय संहितेची?

उत्तर: घटनेची तारीख पाहा. 1 जुलै 2024 पासूनच्या कृत्याला भारतीय न्याय संहिता: हयात जोडीदार असताना दुसरं लग्न कलम 82 (पूर्वी 494), पती व नातेवाइकांकडून क्रूरता कलम 85 (पूर्वी 498अ). पोटगीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 आहे. समस्येत तारीखच नसेल तर नवं कलम लिहा, जुनं कंसात.

प्रश्न: शेवटचा प्रश्न नेहमी अर्धा राहतो.

उत्तर: एकूण मिनिटांतून 15 वजा करा आणि उरलेल्याला गुणांनी भागा. 3 तास आणि 75 गुण असतील तर गुणाला 2.2 मिनिटं, म्हणजे 15 गुणांना 33. त्यातली 5 तारखांना आणि मुद्द्यांना, 25 लिहायला, 3 कलमांचे आकडे तपासायला. 33 मिनिटं झाली की वाक्य पूर्ण करून पुढच्या प्रश्नाला लागा आणि खाली चार ओळी कोऱ्या ठेवा. अर्धवट राहिलेल्या उत्तरात निदान निष्कर्षाची ओळ तरी असू द्या.